मधल्या खोलीला टाळून

खुशबूने नव्या घराचा नकाशा आलेखाच्या कागदावर पुन्हा काढला. एका फुटाला एक चौकोन. कंत्राटदाराचा नकाशा होताच, पण त्यात जिना दीड फूट सरकलेला होता आणि स्वयंपाकघराचं दार उलटं उघडत होतं. चुकीच्या नकाशावरून बरोबर काम करायची सवय तिला नव्हती. एम.एस्सी.ला असताना प्रयोगशाळेतल्या तराजूचा काटा शून्यावर नसेल, तर ती अख्खी वही बाजूला ठेवायची.

घर आळेफाट्याला, नाशिक रस्त्याकडे तोंड करून उभं राहत होतं. जागा सोळा फूट रुंद आणि पन्नास फूट लांब, आगगाडीच्या डब्यासारखी. दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती अंगाला चिकटलेल्या. खाली पुढे हॉल, मध्ये एक खोली, मागे स्वयंपाकघर. वर पुढे सासू-सासऱ्यांची खोली आणि अगदी मागे, रस्त्यापासून शक्य तितकी दूर, खुशबू आणि अंकितची.

त्या मागच्या खोलीत खुशबूला टेबल मांडायचं होतं. पुण्याच्या एका कंपनीत ती शास्त्रज्ञांचे निबंध छापायला जाण्याआधी तपासत असे: इंग्रजी, आकडे, एककं, सगळंच. सासऱ्यांचं, पुनमचंदजींचं, बायपासचं ऑपरेशन झालं आणि अंकितला पाइप-मोटारींच्या दुकानावर बसायला गावी यावं लागलं, तेव्हा तिने राजीनामा लिहिलाच होता. तिच्या साहेबीणबाईंनी तो घेतला नाही. "घर झालं की एक मार्चपासून तिथून काम कर," त्या म्हणाल्या. "महिनाभर बघू. दहा ते सहा लाइन चालू दिसली पाहिजे. सारखी तुटायला लागली, तर मग माझ्याही हातात काही नाही."

ही २००८ सालची गोष्ट. फाट्यावर टेलिफोनच्या तारेतून ब्रॉडबँड नुकतंच मिळू लागलं होतं. पण टेलिफोनचा खांब पुढे, रस्त्यावर. फोन हॉलमध्ये, पुनमचंदजींच्या गादीशेजारी, कारण शेतकऱ्यांचे फोन सकाळी सहापासून यायचे. आणि टेबल मागे, वर. म्हणजे हॉलपासून त्या खोलीपर्यंत एक जाडसर वायर न्यायची. त्यासाठी स्लॅब ओतण्याआधीच त्यात एक नळी टाकून ठेवायची, की पुढे कधीही तिच्यातून वायर ओढता येते. विजेच्या पाइपातून ती नेता येत नाही, सिग्नल बिघडतो. खुशबूने लाल पेन्सिलीने रेघ मारली. बावन्न फूट, दोन वळणं.

वायरमन मच्छिंद्र आणे गावच्या पठारावरचा. त्याचे वडील बिरदेव अजून मेंढरं राखत, आणि हा मात्र खांद्यावर पाइपांचं भेंडोळं टाकून मोटरसायकलवर आठ गावं हिंडे. तो कागद बघून खूश झाला.

"भाभी, हे लई भारी. इंजिनियर बी असं काढून देत न्हाई. आमाला नुसतं बोटानं दावत्यात, हितनं तितं न्या."

"एवढी एक नळी विसरू नका, भाऊ. बाकी काही मागेपुढे झालं तरी चालेल."

"इसरतो व्हय?"

तेवढ्यात सासूबाई, गुलाबबाई, चपला बाहेर काढून मधल्या खोलीच्या जागेत येऊन उभ्या राहिल्या. तिथे अजून विटा होत्या, माती होती, सिमेंटच्या गोण्या होत्या. तरी चपला बाहेर.

"मच्छिंद्र, या खोलीत वायर नको हं. दिवा नको, पंखा नको, बटण नको. काही नको."

"मग उजेड, काकू?"

"पुढून-मागून जाळ्या ठेवल्यात ना उंच. पुरतो तेवढा."

"म्हाराजांची खोली का ही?"

"माझी खोली आहे," गुलाबबाई ठामपणे म्हणाल्या. "माझ्या सामायिकची. रोज अठ्ठेचाळीस मिनिटं मला एका जागी बसायचं असतं."

खुशबू हसली नाही. पुणे-नाशिक रस्त्यावरून पायी विहार करणाऱ्या जैन साध्वी, महासतीजी, फाट्याला थांबतात. जैन स्थानकात जागा नसली की त्या श्रावकांच्या घरी उतरतात. जुन्या घरात एकदा त्या आल्या असताना बाजूच्या फ्रिजची मोटर दिवसभर घरघरत राहिली होती, आणि बंद करावं तर दूध नासेल, या विचारात गुलाबबाईंचा पाय दिवसभर दारातच घुटमळला होता. विजेला साध्वी हात लावत नाहीत. तिच्यातही जीव मानतात. तेव्हापासून गुलाबबाईंच्या मनात ही बिनवायरीची खोली होती. पण ती साध्वींसाठी बांधली, असं म्हणायची सोय नाही. त्यांच्यासाठी मुद्दाम केलेलं अन्न त्यांना चालत नाही, तशीच मुद्दाम बांधलेली खोलीही नाही. म्हणून ती गुलाबबाईंची खोली. घरातल्या सगळ्यांना ठाऊक, आणि बोलायचं कोणी नाही.

खुशबूने कागदाकडे पाहिलं. तिची लाल रेघ त्याच खोलीवरून जात होती. खोलीतून नव्हे, छताच्या काँक्रीटमधून. "या खोलीत वायर नको" हे वाक्य तिने मनात दोनदा वाचून पाहिलं, निबंधातलं वाक्य वाचावं तसं. स्लॅब म्हणजे काही खोली नव्हे. तिने कागदाची घडी घातली आणि काही बोलली नाही.

ऑक्टोबरात स्लॅब पडला. सगळ्यांना पेढे वाटले. मिक्सरच्या आवाजात कोणाचं कोणाला ऐकू येत नव्हतं.

जानेवारीत वायरी ओढायला सुरुवात झाली. हॉलच्या कोपऱ्यातल्या डबीपाशी मच्छिंद्र वायर ओढायची पोलादी पट्टी घेऊन बसला. खुशबू वर, मागच्या खोलीत, दुसऱ्या डबीपाशी टॉर्च धरून बसली. पट्टी येईना. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती खाली आली, तर मच्छिंद्र डबीकडे पाठ करून दुसरीच एक वायर सोलत बसला होता.

"अडकली का?"

"अडकली न्हाई, भाभी." तो वायर सोलतच राहिला. "नळीच न्हाई तिथं."

"म्हणजे?"

"व्हती. म्या सवताच टाकलीवती. मग स्लॅबच्या दिवशी सकाळी पाणी मारताना ध्यानात आलं, की ही तर काकूंच्या खोलीवरनं जातीय. आमच्यात देवाच्या डोक्यावरनं काय नेत न्हाईत, भाभी. आमचा बा तर त्या जागेच्या वर गच्चीत बी पाय ठेवू देत न्हाई. म्हणलं, तुमच्याकडून नजरचुकीनं राहिलं असंल. काढून टाकली." आता त्याने वर पाहिलं. "आन् दुकानात पोरं म्हणत व्हती, आता बिनवायरीचं यंत्र येतं. म्हणलं, भाभींचं काय अडत न्हाई."

खुशबूला रागवायचं होतं, पण रागवावं तरी कोणावर? त्याने तिच्या चुकीवर पांघरूण घातलं होतं. तिने चूक केलीच नव्हती. आणि तरीही ती चूकच होती.

"मला सांगायचं तरी होतं, भाऊ."

"मिक्सर चालू व्हता की, राव."

दारात गुलाबबाई उभ्या होत्या. हातात चहाचे दोन कप. त्यांनी सगळं ऐकलं होतं. एक कप मच्छिंद्रला दिला, दुसरा खुशबूला दिला, आणि दोघांपैकी फक्त मच्छिंद्रला म्हणाल्या, "साखर कमी वाटली तर सांग."

खुशबूने तो चहा उभ्यानेच संपवला. जिभेला चटका बसला तरी.

रात्रीच्या जेवणाआधी, म्हणजे त्या घरात सूर्यास्ताआधीच, अंकितने तोडगा काढला. छताला नवं पीओपी होतं, वरच्या मजल्यावर संगमरवर. भोक पाडायचं नावही कोणी काढलं नाही. "वायफाय," तो म्हणाला. "हॉलमध्ये डबी ठेवायची. दोन शिंगं असतात तिला. वायर नको, नळी नको, भानगड नको." पुढच्या सोमवारी तो पुण्याहून ती डबी घेऊनच आला.

जेवायला बसल्यावर गुलाबबाईंनी खोक्यावरचं चित्र चष्मा लावून नीट बघितलं. चित्रात डबीतून निळी वर्तुळं निघत होती, पाण्यात खडा टाकल्यासारखी.

"खुशबू, ही वर्तुळं कुठपर्यंत जातात?"

"वरच्या खोलीपर्यंत पोचायला हवीत, मम्मी."

"मधे माझी खोली आहे."

अंकितने ताटाआडून खुशबूच्या पायाला पाय लावला. गप्प बस, असा त्याचा अर्थ होता. आणि गप्प बसणं सोपंही होतं. लहरी दिसत नाहीत. "अगदी बारीक असतात" एवढं म्हटलं असतं तरी काम भागलं असतं, आणि ते खोटंही नव्हतं. एक मार्चला सहा आठवडे उरले होते.

"जातील," खुशबू म्हणाली. "डबी पुढे आणि मी मागे. सरळ रेघ तुमच्या खोलीतूनच जाते. भिंतीत थोड्या कमी होतात, पण जातात. बसलेल्या माणसातूनही जातात."

"मम्मी, टीव्हीच्याही जातात की!" अंकित घाईने म्हणाला. "मोबाइलच्या जातात. तुझ्या त्या खोलीत आत्तासुद्धा नुसता गजबजाट असेल. रस्त्यावरून चालणाऱ्या महाराजसाहेबांच्या अंगातूनही जातात."

"जात असतील," गुलाबबाई म्हणाल्या. "त्या मी सोडलेल्या नाहीत. या माझ्या घरातून सुटणार." आणि मग खुशबूकडे वळून, नेहमीच्याच आवाजात, "आमटी घे अजून."

जेवणं झाल्यावर अंकित कुरकुरला. "हरिश्चंद्राची नात कुठली! चार शब्द कमी बोलली असतीस तर?"

"मागच्या वेळी कमीच बोलले होते," खुशबू म्हणाली.

खोकं तसंच कपाटावर राहिलं. ते लावू नको, असं गुलाबबाई म्हणाल्या नाहीत. लाव, असंही नाही. खुशबूही विचारायला धजेना. फेब्रुवारीत वास्तू झाली, सामान आलं, मागच्या खोलीत टेबल लागलं, टेबलावर संगणक बसला आणि मुका राहिला. खुशबूने साहेबीणबाईंना लिहायच्या पत्राचा मसुदा केला. तो चांगला झाला होता. तिच्या पत्रांत खाडाखोड नसे.

त्याच आठवड्यात नारायणगावहून विहार करत साध्वींचा एक संघ फाट्याच्या स्थानकात आला. गुलाबबाई तीन दिवस सकाळ-दुपार दर्शनाला गेल्या. खुशबूला वाटलं, विचारून येतील. पहिल्या दिवशी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी नाहीत. तिसऱ्या दिवशी परत आल्या आणि स्वयंपाकघरात पाटावर बसून मटार सोलू लागल्या. खुशबूही समोर बसली.

"तुला वाटत असेल, मी महासतीजींना विचारलं."

"हो."

"नाही विचारलं. तीनदा तोंडापर्यंत आलं." त्यांनी एक शेंग उघडली, अळी दिसली म्हणून ती शेंग तशीच हळूच मिटून, बाहेर तुळशीच्या कुंडीत ठेवायला बाजूला ठेवली. "विचारलं असतं, तर त्यांनी काय म्हणावं? लाव म्हणाल्या असत्या, तर माझ्या डबीचा दोष त्यांच्या माथी. नको म्हणाल्या असत्या, तर तुझी नोकरी त्यांच्या माथी. आपल्या घरची ओझी त्यांच्या खांद्यावर कशाला द्यायची? आधीच सगळं पाठीवर घेऊन चालतात बिचाऱ्या."

"मग?"

"मग काय. घर माझं आहे, दोषही माझा. तू लाव ती डबी. मी रोज चार सामायिक जास्त करीन."

खुशबूचा हात थांबला. तिला वाटलं होतं, हे वाक्य ऐकलं की हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. तिच्या पगारासाठी सासूने रोज आणखी चार वेळा अठ्ठेचाळीस मिनिटं गुडघे दुमडून बसायचं, ते गुडघे, ज्यांना ती स्वतःच रोज रात्री तेल लावायची.

"मम्मी, अजून एक वाट आहे. बाहेरून."

"मग इतके दिवस बोलली का नाहीस?"

"पुढच्या भिंतीवरून जाते."

गुलाबबाईंनी मटार सोलणं थांबवलं. "अरे देवा," त्या म्हणाल्या.

पुढची भिंत म्हणजे पुनमचंदजींचा जीव की प्राण. अख्खं घर विटा-सिमेंटचं, पण तोंडाला धोलपूरचा गुलाबी दगड, ट्रकने आणलेला. वर कोरलेली जाळी, कमानी, दोन मोर. तीन पिढ्यांपूर्वी मारवाडातल्या पालीहून निघालेल्या कुटुंबाने फाट्यावर एवढंच एक राजस्थान उभं केलं होतं. त्या भिंतीला पुनमचंदजींनी बल्बसुद्धा लावू दिला नव्हता.

खुशबूने सासऱ्यांकडे आजवर काही मागितलं नव्हतं. तिने कागद घेतला, हॉलमध्ये गेली, गादीसमोर बसली आणि सगळं सांगितलं. पहिली लाल रेघ कुठून काढली होती, तेही. मग नवी रेघ दाखवली: फोनपासून भिंतीबाहेर, पुढून वर गच्चीपर्यंत, गच्चीच्या कठड्याने मागे, आणि मागच्या खिडकीतून आत. एकशेचौदा फूट. वायर उन्हाने तडकते, म्हणून ती पाइपातून न्यावी लागेल.

पुनमचंदजींनी ऐकून घेतलं. "म्हणजे पाइप."

"हो, पप्पाजी. पाऊण इंची."

"जन्मभर पाइप विकले," ते स्वतःशीच म्हणाले. "आता घराच्या कपाळावर लावू? लोक म्हणतील, शेठचा माल खपेना, म्हणून भिंतीला टांगला."

"म्हणोत," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"तुला काय जातंय म्हणायला? मोर माझे आहेत!"

"मोरांना काही होत नाही. दोन मोरांच्या मधून जाऊ नका म्हणजे झालं."

पुनमचंदजी उठले. डॉक्टरांनी सावकाश चालायला सांगितलं होतं, तसे सावकाश रस्ता ओलांडून समोरच्या चहाच्या टपरीवर गेले. खुशबू दारातून बघत राहिली. ते घराकडे तोंड करून बाकावर बसले. एक ट्रक आडवा आला, गेला. एसटी थांबली, सुटली. त्यांनी मान डावीकडे कलती केली, मग उजवीकडे. टपरीवाल्याला बोटाने काहीतरी दाखवलं. टपरीवाल्याने मान हलवली. पुनमचंदजींनी त्याच्यावर हात झाडला. बिनसाखरेचा चहा मागवला. तो पिऊन झाल्यावर ते परत आले.

"डाव्या मोराच्या बाहेरून," ते म्हणाले. "दगडाला एकही खिळा नाही. जिथे सांधा आहे, तिथेच क्लँप. आणि पांढरा पाइप चालायचा नाही. रंग मी स्वतः मिळवून देणार."

रंग मिळवायला त्यांना चार दिवस लागले. फाट्यावरच्या रंगवाल्याकडे दगडाचा तुकडा घेऊन ते तीनदा गेले. पहिला रंग त्यांना बर्फीसारखा वाटला, दुसरा विटेसारखा.

मच्छिंद्र शिडी घेऊन आला. भिंतीवर चढून त्याने पहिला क्लँप सांध्यात बसवला आणि वरूनच ओरडला, "भाभी, या टायमाला कुणाच्या डोक्यावरनं जात न्हाई ना? आदीच सांगा!"

तो विनोद करत होता, पण खुशबू शिडीपासून वळली आणि घरात गेली. गुलाबबाई मधल्या खोलीत आसन अंथरत होत्या.

"मम्मी, एक सांगायचंय. गच्चीवर वायर कठड्याच्या कडेने जाणार. पण तो कठडा तुमच्या खोलीच्या भिंतीवरच उभा आहे. दोन मजले वर, पण वरच. आणि वायरमधून वीज जाते. अगदी थोडी, पण जाते."

गुलाबबाईंनी आसनाचा कोपरा सरळ केला. बराच वेळ तो सरळच करत राहिल्या.

"मला एवढं गणित कळत नाही, बेटा. गच्चीवर पापड वाळतात, कबुतरं बसतात, त्यांच्यावरून विमानं जातात." मग त्या बसल्या, तोंडावर बांधायची मुहपत्ती हातात घेतली, पण बांधली नाही. "स्लॅबमधून गेली असती ना, तरी मी नाही म्हटलं नसतं. तू तेव्हा आत येऊन असं सांगितलं असतंस, तर."

"हो," खुशबू म्हणाली.

"जा आता. तो वर लटकलाय."

एक मार्चला रविवार आला, म्हणून काम दोन तारखेला सुरू झालं. दहाला पाच मिनिटं असताना खुशबूने वायरचं टोक संगणकाला लावलं. त्याच्यावरचा बारीक हिरवा दिवा लागला, लुकलुकला, आणि लागलेलाच राहिला. तिने पुण्याला एका ओळीचा निरोप पाठवला. तिकडून एका ओळीचं उत्तर आलं, आणि त्याच्यापाठोपाठ तेवीस पानी निबंध: कांद्याच्या सालीतल्या रंगद्रव्यावर. तिसऱ्याच पानावर ग्रॅमच्या जागी मिलिग्रॅम होतं. खुशबूला अगदी घरी आल्यासारखं वाटलं.

अकराच्या सुमाराला खाली गडबड ऐकू आली. "मत्थएण वंदामि," असा साध्वींना वंदन करणारा पुनमचंदजींचा मोठा आवाज आला, मग भांड्यांचा. खुशबू खिडकीशी गेली, परत टेबलाशी आली. संगणकाकडे पाहिलं. दिवा हिरवाच होता. तिने तरीही पदर सारखा केला. साध्वी घरात आल्यात आणि सून वर बसली आहे, हे बरं दिसणार नव्हतं.

जिन्यावर पावलं वाजली. एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत गुलाबबाई वर आल्या, दाराला धरून उभ्या राहिल्या आणि आधी श्वास घेतला.

"नारायणगावहून आलेल्या, त्याच महासतीजी. दोघी आहेत. संगमनेरकडे निघाल्या होत्या, एकीच्या पायाला फोड आलाय. मधल्या खोलीत बसल्यात. आजचा दिवस थांबतील."

"मी येते, मम्मी. बंद करते हे."

"ते खाली काही करतं का?"

"नाही. हवेत काही नाही. सगळं वायरमध्येच."

"तुटली होती का सकाळपासून?"

"एकदाही नाही."

"मग बस." त्यांनी टेबलावरचे कागद न हलवता पाण्याचा तांब्या ठेवायला जागा शोधली, ती मिळाली नाही, म्हणून तो खाली जमिनीवर, वायरपासून चांगला हातभर लांब ठेवला. "सहा वाजता ये. मांगलिक पाठ ऐकायला वेळेत पोचशील."

"त्यांनी विचारलं तर? सून कुठेय म्हणून?"

"विचारलंच त्यांनी," गुलाबबाई जिन्याकडे वळत म्हणाल्या. "मी सांगितलं, कामावर गेलीय."